डी सरकवताना

८ नोव्हेंबर

सी पुन्हा लाल. संगणक चालू व्हायला आज अकरा मिनिटं! जागा नाही, जागा नाही, एवढंच सांगतो. डिस्कवर जागा खूप आहे, पण ती सीच्या वाट्याची नाही. एका डिस्कचे तीन भाग — सी यंत्राचा, डी वैशालीचा, ई माझा. तिनंच असे पाडून घेतले होते. "तुमची ड्रॉइंगं माझ्या सामानात नकोत."

डी मी उघडलेला नाही. आमच्या घरची रीत आहे, गेलेल्या माणसाचं कपाट वर्षश्राद्धापर्यंत उघडायचं नाही. तिच्या कपाटाची किल्ली देवघरात ठेवली आहे. डीला किल्ली नाही, पण नियम तोच. हे माझं मीच ठरवलंय.

९ नोव्हेंबर

गेल्या वर्षी गणपतीनंतर औषधांनी पार गळून गेली होती, तरी दुपारी माईक लावून संगणकापुढे बसायची. एकदा दाराशी उभा राहून ऐकलं — "मोहरी तडतडली की मग…" मला पाहून थांबली. "तुमच्यासाठीच आहे. आत्ता नाही, नंतर ऐका."

नंतर म्हणजे कधी, हे दोघांनाही कळत होतं.

जुना फोन बिघडला, त्यात तिचं जे होतं ते गेलं. आता तिचा आवाज मला नीट आठवेनासा झालाय. भीती वाटते. २८ तारखेला वर्षश्राद्ध. त्या दिवशी हा संगणक चालला पाहिजे.

१२ नोव्हेंबर

देशपांडे नगरातल्या बाळाप्पाच्या दुकानात गेलो. तो सगळ्यांचे संगणक दुरुस्त करतो. त्यानं पेनड्राइव्हवर एक सॉफ्टवेअर दिलं, डिस्कचे भाग लहानमोठे करायचं. सीला जागा द्यायची तर ती सीला चिकटूनच हवी म्हणे. चिकटून आहे डी. ई त्याच्या पलीकडे.

"मदल ब्याकप तगोरी, सर." आधी सगळ्याची नक्कल काढा. मी मान हलवली. नक्कल काढायची म्हणजे डी उघडायचा. ते होणे नाही.

१४ नोव्हेंबर

सॉफ्टवेअर लावून पाहिलं. तीन चौकोन शेजारी शेजारी, वर मापं लिहिलेली. हे चित्र मला वाचता येतं. डीमध्ये वापर नावालाच दिसतो. आवाजाला जागा कमी लागत असेल. तशीही ती कुठं गेली तर खुर्चीच्या टोकावरच बसायची. माझा ई मात्र एक्केचाळीस जीबी! पंचवीस वर्षांची ड्रॉइंगं एवढी फुगतात? तारिहाळचा आमचा कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. ती कागदं आता कुणाला हवीत?

सॉफ्टवेअर सुचवतं, डी लहान करा. नाही करणार. तिच्या वाटची जागा आयुष्यभर मीच तर घेतली. त्यापेक्षा ई काढून टाकतो, डी आहे तेवढाच ठेवून पलीकडे सरकवतो, मधली मोकळी जागा सीला.

१५ नोव्हेंबर

दीपश्रीचा बेंगळुरूहून फोन. "अण्णा, काय चाललंय?" म्हटलं, काही नाही. लेकीला सांगितलं असतं तर तासभर सूचना ऐकाव्या लागल्या असत्या.

१७ नोव्हेंबर

सकाळी आंघोळ करून बसलो. ई काढताना विचारतं, नुसता काढू की आतलं कायमचं पुसून काढू? पुसून. अर्धवट काम मला जमत नाही. टूलरूममधलं टेबल पुसल्याशिवाय मी कधी घरी आलो नाही. आत एकदा बघून घ्यावं असं मनात आलं, पण बघायचं काय, सगळं पाठ आहे. पुसायला दोन तास लागले.

मग डी. तो सरकताना करंट गेला तर संपलंच, म्हणून यूपीएस रात्रभर चार्ज करून ठेवला होता. एकेक टक्का सरकत होता. तिच्या कपाटाची किल्ली उगाचच देवघरातून आणून कीबोर्डशेजारी ठेवली. बारा चाळीसला शंभर टक्के. डी जसाच्या तसा!

रडलो. घरात कुणी नव्हतं ते बरं झालं.

१८ नोव्हेंबर

सी निळा. चाळीस सेकंदांत चालू.

२८ नोव्हेंबर

वर्षश्राद्ध झालं. दीपश्री कालच आली. गुरुजी जेवून गेल्यावर कपाट उघडलं. तिची जांभळी इरकल दीपश्रीनं घेतली, घडी न मोडता मांडीवर घेऊन बसली होती. मी नवे स्पीकर आणलेत. चहा झाला की डी उघडणार.

२८, संध्याकाळ

डी रिकामा आहे.

दीपश्री म्हणाली, "इथं कशाला शोधताय, अण्णा? आईनं सगळं तुमच्या ईत हलवलंय की. मीच तिला फोनवरून सांगत होते, कसं करायचं ते. म्हणाली, हे माझ्या सामानाला हात लावायचे नाहीत, स्वतःची ड्रॉइंगं तरी बघायला जातील. मला वाटलं, तुम्ही केव्हाच ऐकलं असेल."

मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आलोय. ती बाहेरून विचारते आहे, "अण्णा, ई कुठं दिसेना की हो?"