प्रयागबाईंचं पोहायचं लुगडं

मी, प्रयागबाई संभाजी मेटकरी, वय ६६, धंदा शेती, राहणार पळसदेव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीनं आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानानं जरा कमी ऐकू येतं, पण दार लावून माझ्याबद्दल बोललेलं बरोबर ऐकू येतं.

१. राहतं घर मुलगा दिग्विजय याला. अट काही नाही. माझ्या नातीचं, निकिताचं, पोहणं त्यानं बंद केलं म्हणून मी घर अडवून धरीन असं त्याला वाटत असेल, तर त्यानं आईला ओळखलंच नाही.

२. धरणाच्या पाण्यालगतचा शेताचा तुकडा माझ्या माहेरचा, तो निकिताला. ही पोर बारामतीच्या तलावात सराव करून राज्याच्या स्पर्धेत निवडली गेली. पेपरात पोहायच्या कपड्यातला फोटो आला. भावकीतल्या संदेशनं तो गावाच्या ग्रुपवर टाकून खाली नको ते लिहिलं. तेव्हापासून दिग्विजयनं पोरीचा कॉस्च्युम कपाटात कोंडलाय. विचारलं की एकच, "आये, समदं गाव बघतंय."

३. ते कपाट माझ्या लग्नातलं, म्हणजे माझ्या मालकीचं. तेही निकिताला, आतल्या सगळ्या वस्तूंसकट.

४. सून सोनल हिला माझ्या पाटल्या. लेकीचा कॉस्च्युम धुऊन ती माझ्या लुगड्याखाली वाळत घालायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. गुणाची आहे.

५. संदेशला काही नाही. तेराव्याला जेवायला यावं, फोन मात्र घरी ठेवून.

६. आता कपड्याविषयी. वकील म्हणाले, मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत. म्हटलं, मरणार कोण आहे, तुम्ही का मी?

आमच्या लहानपणी गडी माणसं लंगोटावर उड्या मारायची, त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. आम्ही पोरी पाठीला वाळका भोपळा बांधून परकरावर विहिरीत पोहायला शिकलो. परकर फुगून वर यायचा, तो सांभाळू का हातपाय मारू! मग लुगडं आलं. कासोटा घट्ट घातला की पाय मोकळे, पण पाणी पिऊन ते असं जड व्हायचं की ज्याचं त्याला ठाऊक. पुढं मी वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मासळी विकायला जायचे, तिथं एका बाईंच्या दोरीवर एवढंसं निळं कापड दिसलं. विचारलं, "बाई, नातीचं झबलं का वं?" बाई हसून लोटपोट झाल्या. ते त्यांचं स्वतःचं, पोहायचं! दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. मी तर बघतच राहिले. आणि आता निकिताचा कॉस्च्युम, मांडीपर्यंतचा. हातात घेऊन बघितलाय मी. पाणी धरत नाही, फुगत नाही, कुठं अडकत नाही. ज्यानं हे कापड काढलं त्याचं भलं होवो. माझ्या वेळी असतं तर!

७. माझं हिरवं लुगडं, काठ फाटलेलं, दिग्विजयला. ते सरणावर घालायचं नाही. कारण ऐक, बाबा.

तू पाच वर्षांचा होतास. पोरांनी गुऱ्हाळाची जुनी काहील, गूळ आटवायची ती मोठी कढई, धरणाच्या पाण्यात लोटली आणि तू एकटाच आत बसलास. वाऱ्यानं ती लांब गेली, पाणी भरून बुडाली. तू बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला लोंबकळत होतास. मी पोहत आले, पण काट्यांच्या जाळीत शिरता येईना. तुला आजवर सांगितलं, दोर टाकून काढला. दोर कुठला रे तिथं? मी कासोटा सोडला, अंगावरचं लुगडं उतरवलं आणि त्याचं टोक तुझ्याकडं फेकलं. तू धरलंस. तसंच ओढत तुला काठाला आणलं.

काठावर सारं गाव जमलेलं, लुगडं अजून तुझ्याच मुठीत, आणि मी गळ्याइतक्या पाण्यात. तेव्हा बिरूआबा मेंढक्या ओरडला, "पाठी फिरवा रं समदे! मागं कुणी बघायचं न्हाय!" एकूण एक गड्यानं पाण्याकडं पाठ केली. आबानं न बघताच घोंगडं मागं फेकलं, ते त्याच्या बायकोनं, बानूबाईनं, पाण्यात येऊन माझ्याभोवती गुंडाळलं. त्यानंतर गावात कोणी चकार शब्द काढला नाही. असलं गाव होतं ते, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

तेव्हा "गाव बघतंय" हे मला सांगू नकोस, दिग्या. गावाला पाठ फिरवायची अक्कल आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. आज तर फिरवायचंही कारण नाही. पोरीच्या अंगावर कापड आहे, तुला काढलं तेव्हा माझ्या नव्हतं.

८. हे मृत्युपत्र माझ्या माघारी अमलात यावं. परंतु याची एक प्रत दिग्विजयला आजच हातात देत आहे. मला मरायला सवड आहे, निकिताच्या स्पर्धेला नाही. त्यानं कपाट उघडावं, पोरीला गाडीवर बसवून बारामतीला न्यावं आणि तलावाच्या काठावर तिच्याकडं तोंड करून बसावं.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

प्रयागबाई संभाजी मेटकरी

साक्षीदार : १. डॉ. राजनंदिनी घोगरे, इंदापूर (सही)
२. बानूबाई बिरदेव कोळेकर, पळसदेव (डाव्या हाताचा अंगठा). अंगठा देताना म्हणाल्या, "व्हय, घोंगडं म्याच गुंडाळलं. लिवा तसं."

ठिकाण : पळसदेव
दिनांक : १२ एप्रिल २०२५