गोठा म्हणून नोंदलेल्या वेधशाळेची व्यवस्था

मी, देवानंद मारोती दुर्गे, निवृत्त विज्ञान शिक्षक, मुक्काम बोथ, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहून ठेवतो. मी रागात आहे, पण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे.

१. राहते घर मुलगा अनुप यास द्यावे. परसातली वीतभर जागाही देऊ नये. "बाबा, ते डबडं पाडा, प्लॉट मोकळा होईल," असे तो हैदराबादहून फोनवर सांगतो. डबडे म्हणजे माझी वेधशाळा: चार भिंती, रुळांवर सरकणारे पत्र्याचे छप्पर आणि आत दुर्बीण.

२. शेजारी राहणारा चुलतभाऊ पंढरी यास काहीही देऊ नये. कारणे अशी. परवानगीसाठी पंचायतीत गेलो, तर अर्जात वेधशाळेला रकानाच नव्हता. "गोठा लिहा ना सर, गोठ्याले कोन इचारते?" असे कारकून म्हणाला. मी गोठा लिहिले आणि पंढरीच्या हाती आयते कोलीत दिले.

त्याची पहिली तक्रार, भिंत हद्दीला लागून आहे. ती पाडून आत घेतली. दुसरी, गोठ्यात जनावर नाही. शेळी आणून बांधली. ती दुर्बिणीचे कापड चघळते. तिसरी तक्रार त्याने बायकोच्या नावाने केली, की दुर्बिणीतून तिची न्हाणी दिसते. इतक्या जवळचे त्यातून धुरकटच दिसते, हे चौकशीला आलेल्या साहेबांना डोळा लावून पाहायला लावले तेव्हा कुठे वेधशाळा पाडण्याची नोटीस मागे गेली. गावात नाव गेले ते गेलेच. त्याबद्दल पंढरीला मी मेल्यावरही माफी नाही.

३. त्यानंतर त्याची बायको पंचफुलावहिनी एका दिवेलागणीला सगळ्यांदेखत माझ्या परसात आल्या. "भाऊजी, तो अर्ज मायावाला नोता. मले कोनी इचारलंच नाही. आता दाखवा, काय दिसते त." मी शनी दाखवला. त्याच्याभोवतीचे कडे त्यांनी पुन्हा पुन्हा डोळा लावून पाहिले. मग म्हणाल्या, "हे घरामागंच होतं, अन् मी भांडेच घासत राह्यली." पंढरी ओरडला तरी त्या अजून येतात.

म्हणून परसाची जागा, वेधशाळा व दुर्बीण, शेळीसकट, पंचफुला पंढरी दुर्गे यांच्या एकट्यांच्या नावे करत आहे. पंढरीला ती पाडायची असेल तर आता पंचायतीत खेटे घालू नयेत, बायकोची परवानगी मागावी. ती मिळणार नाही. हे मी वहिनींना विचारूनच लिहिले आहे.

सही: दे. मा. दुर्गे

साक्षीदार, ज्यांनी समोर बसून सही पाहिली व ज्यांना यातून काही मिळत नाही:
केशवराव गणपतराव ठाकरे, शेतकरी
रुख्मिणी देवराव झाडे, निवृत्त मुख्याध्यापिका

ठिकाण: बोथ
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५