शेपूट न दुमडलेला रोल

१२ ऑक्टोबर, रविवार. मिल्टन

फ्रिजच्या दारात फिल्मचे नऊ रोल, लोणच्याच्या बरणीशेजारी. युरोपहून येऊन पाच आठवडे झाले, एकही धुतलेला नाही. दूध काढताना रोज दिसतात, रोज दार लावून टाकतो.

सतरा दिवस. प्राग, व्हिएन्ना, लिस्बन, पोर्तो. तीन वर्षं ठरवत होतो, आणि आता बघायचा धीर होत नाही. बघितले की पोर्तोचा विमानतळ आठवणार. रोल एक्स-रे मशीनमधून जाऊ देणार नाही, फिल्म धूसर होते, हाताने तपासा, म्हणून तिथे हुज्जत घालत बसलो. चाळीस मिनिटं, आणि शेवटी रोल मशीनमधूनच गेले. शुभदा दोन्ही बॅगा धरून बाजूला उभी. विमान जेमतेम मिळालं. पट्टा लावता लावता शांतपणे म्हणाली, "तुला सोबतीला माणूस नको असतो रे. ट्रायपॉड हवा असतो."

दहा दिवसांनी ती व्हँकुव्हरला गेली, अनघाच्या बाळंतपणाला. ते आधीपासून ठरलेलंच होतं, भांडून वगैरे गेली नाही. नात झाली, छान आहे. शु.चं परतीचं तिकीट ८ नोव्हेंबरचं.

घरात नुसता फिरतोय. वर, खाली, पुन्हा वर.

१४ ऑक्टोबर

अनघाचा फोन. "बाबा, आईचा साठावा वाढदिवस येतोय, बावीस नोव्हेंबर. मी अल्बम करतेय. मला तिचे युरोपचे टेन पिक्चर्स पाठव. गुड वन्स, ओके?"

दहा काय, वीस पाठवतो, असं म्हणून बसलो. फोन ठेवला आणि आठवायला लागलो. एकही आठवेना.

मागून शु.चा आवाज येत होता, "त्याला विचार, रोल धुतले का." मला नाही विचारलं. अनघाला सांगितलं विचारायला.

१८ ऑक्टोबर, शनि.

शेवटी बेसमेंटच्या वॉशरूममध्ये बैठक मारली. उजेड नको म्हणून दाराखाली टॉवेल, डेव्हलपर, फिक्सर ही रसायनं सगळी ओळीने. प्रागचे दोन्ही रोल धुतले. निगेटिव्ह झकास. पूल, पुलाखालचं पाणी, दगडी संत, ट्रामचे रूळ. एका माणसाचा पत्ता नाही.

मी माणसं काढत नाही. माणूस फ्रेममधून जाईपर्यंत थांबतो. लोक याला शिस्त म्हणतील की काय माहीत नाही, मी म्हणत आलो. शु. त्या वेळात कुठे असायची? माझ्या मागे. लेन्सची पिशवी धरून.

रोल २, फ्रेम १९: पुलाच्या कठड्यावर तिची पर्स. कडेला कोपर. तिचंच असावं.

१९ ऑक्टो.

व्हिएन्नाचे दोन. कोपरही नाही.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

दाराबाहेर दोन पणत्या लावल्या, वाऱ्याने दोन्ही विझवल्या. व्हिडिओवर नातीचं दर्शन. शु. हिरव्या साडीत, केस कापलेत तिने. मी म्हटलं नाही काही. म्हणायला हवं होतं.

शु.: "रोल धुतले का?"
"चार झाले."
"लिस्बन?"
"अजून नाही."
"बरं."

चिडलोच मी. तिला काय करायचंय माझ्या रोलांचं? सतरा दिवसांत कधी विचारलं नाही काय काढतोयस म्हणून. खवचटपणा, दुसरं काय.

२६ ऑक्टो., रवि.

बर्वेकाका चहाला. आमच्या गल्लीतलेच, दोन घरं सोडून. निवृत्त डॉक्टर, बेचाळीस वर्षं लंडनमध्ये प्रॅक्टिस, विलायतेतल्या नव्हे, आपल्या इथल्या लंडनमध्ये, मग मुलाजवळ मिल्टनला आले. त्यांच्याकडेही युरोपच्या स्लाइड्स आहेत, चार खोकी. कुणी बघत नाही.

"आमच्या हिला मी सारखं म्हणायचो, जरा डावीकडे सरक, मागचं चर्च झाकतंय," काका म्हणाले. "परवा लावल्या होत्या. चर्च कुठलं ते आठवत नाही. ही सगळीकडे डावीकडे सरकताना आलीय."

काकू जाऊन सहा वर्षं झाली. मी बिस्किटं पुढे केली.

१ नोव्हेंबर

लिस्बनचे दोन. चढ, जिने, टाइल्सच्या भिंती. एका काचेत दोन सावल्या आहेत. एक माझी, कॅमेऱ्यासकट. दुसरी अर्धीच, मी कापलेली.

अनघाला खरं सांगून टाकलं, सहा रोल झाले, आई कुठेच नाही. "नॉट वन? बाबा, सीरियसली? यू टुक थ्री हंड्रेड पिक्चर्स!" तीनशे चोवीस, पण ते बोललो नाही.

२ नोव्हें., रवि.

हिवाळ्याची वेळ लागली, घड्याळं एक तास मागे केली. जादाचा तास कशाला हवाय मला, आहेत तेच संपत नाहीत.

दुपारी शु.चा फोन. परतीचं तिकीट पुढे ढकललंय. कधीपर्यंत? "ओपन ठेवलंय." अनघाला मदत लागते ना, म्हणाली. लागतेच. पण ओपन म्हणजे काय? तारीख नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट असतं का? मला भीती वाटली. बोललो काय, तर "विंटर टायर्स बसवून घेतो मग." ती म्हणाली, "घे."

८ नोव्हेंबर, शनि.

आज ती यायची होती. त्याऐवजी पोर्तो १.

धुवायच्या टाकीतून रोल काढला, उजेडात धरला, आणि शिवी हासडली. काळाकुट्ट, प्रत्येक फ्रेमवर फ्रेम. वाटलं कॅमेरा गेला. रोल पुढे सरकतच नव्हता की काय? पण तसं असतं तर सगळं एकाच जागी जमलं असतं. हे वेगळं. चित्रावर चित्र, थोडं थोडं सरकलेलं.

वाळल्यावर स्कॅन केला. तिसऱ्या फ्रेममध्ये पोर्तोच्या चर्चचा मनोरा, आणि मनोऱ्याच्या आरपार एक पलंग. पलंगावर तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस.

तो मी आहे.

९ नोव्हें., रवि.

बाहेर बर्फ. शोव्हल घेऊन तो उपसायलाही गेलो नाही. सगळं जुळवत बसलो.

लिस्बनमध्ये तिसऱ्या दिवशी मला ताप होता. दिवसभर हॉटेलात पडून. शु. सकाळी म्हणाली, "मी जाऊन येते." संध्याकाळी आली. "काय पाहिलंस?" एवढंसुद्धा मी विचारलं नाही. सूप आणलंस का, विचारलं. आणलं होतं तिने.

कॅमेरा त्या दिवशी रिकामा होता, तो ती घेऊन गेली. कोरा रोल घातला, छत्तीसच्या छत्तीस फ्रेम काढल्या, उलटा गुंडाळून पिशवीत ठेवला. गुंडाळताना मी कॅमेरा कानाशी धरतो, टोक सुटल्याचा खट आवाज झाला की थांबतो, म्हणजे रोलचं शेपूट बाहेर राहतं, धुताना काढायला सोपं. तिने हे नुसतं बघून बघून उचललेलं. पुण्यात लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला दोन रोल शिकवले होते मी. मग अनघा झाली, आणि कॅमेरा माझा झाला.

फक्त एक गोष्ट तिला बघून कळणं शक्य नव्हतं. शेपूट सरळ म्हणजे रोल कोरा, दुमडलेलं म्हणजे झालेला. ही माझी खूण, माझी मला. बोटांनी होते, मीच कधी लक्ष देत नाही. तिचा रोल सरळ शेपटाचा पिशवीत पडला होता. दुसऱ्या दिवशी पोर्तोत मी तोच उचलला.

१० नोव्हें.

ऑफिसला कळवलं, बरं नाही. खोटं नाही तसं.

फ्रेमा बघतोय एकेक. ट्रामचा ड्रायव्हर, हात हलवतोय. बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या दोन बायका, खाली बघून काहीतरी बोलतायत. मासेवाली, खो खो हसतेय. सगळे सरळ लेन्सकडे बघतायत. तीस वर्षांत माझ्या कॅमेऱ्याकडे कुणी असं बघितलेलं नाही. ही काय बोलली असेल त्यांच्याशी, कुठल्या भाषेत? आणि सगळ्यांच्या अंगावर मी दगड रचून ठेवलाय. कमानी, जिने, टाइल्स.

३६: हॉटेलच्या लिफ्टचा आरसा. शु. उभी, कॅमेरा डोळ्याला लावलेला. तोंड कॅमेऱ्याने झाकलेलं, बाकीची माझ्या निळ्या टाइल्सच्या भिंतीने. पोर्तोचे उरलेले दोनही धुऊन झाले; नऊ रोलांत तिचा हा एवढा एकच फोटो. तोही तिने काढलेला.

१२ नोव्हें.

फोन.
"लिस्बन धुतलं?"
"झालं."
"आणि?"
"चांगलं आलंय."
मग, "बरं."

तिसऱ्यांदा विचारलं तिने. खवचटपणा म्हणे! वाट बघत होती ती, आणि मी गाढव.

दिवसभर एक विचार डोक्यात. रोल विमानतळाच्या मशीनमुळे खराब झाला असं सांगता येईल. तिला पटेल. मीच तर तिथे एवढा तमाशा केला होता, वर माझंच म्हणणं खरं ठरेल. जिन्यावरून चार वेळा खालीवर केलं. वाक्यसुद्धा तयार केलं.

१५ नोव्हेंबर, शनि.

अकराला फोन लावला. तिकडे सकाळचे आठ.

"तुझा रोल सापडला," म्हटलं. "तू लिस्बनला काढलेला."

मागे बाळ कुरकुरत होतं.

"मी त्याच्यावर पोर्तो काढलं, शुभा. चुकून. शेपूट दुमडलेलं नव्हतं, मला कोरा वाटला."
"दुमडायचं असतं?"
"हो."
"मला कुठे सांगितलंस कधी."
"नाही सांगितलं."
"मासेवाली आलीय का? हसणारी?"
"आहे. अर्ध्या तोंडावर चर्चचा जिना आहे."

मग हसली. की रडली, फोनवर नक्की कळलं नाही. "दहा आठवडे थांबलेय मी. म्हटलं, धुतलास की विचारशील, हे कुणी काढलं म्हणून."

चुकलो म्हटलं. रोलापुरतं नाही, हेही म्हटलं, पण वाक्य नीट पुरं झालं नाही माझ्याकडून. अर्धवट, तुटक. तिने पुरं करायला मदत केली नाही, आणि तेही बरोबरच.

मशीनचं काही बोललो नाही.

शेवटी विचारलंच, परत कधी येतेस.
"आधी फोटो बघू दे."
"मेल करू?"
"नको. घेऊन ये."

१९ नोव्हें.

दोन संध्याकाळी एकच काम. छत्तीसही फ्रेमांचे छोटे प्रिंट एका मोठ्या कागदावर, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलने तिने काय काढलं ते. माझं काही लिहायचं नाही. ३: नवरा, झोपलेला. ११: ट्रामवाला. २२: मासेवाली. काही ठिकाणी माझ्या दगडातून तिचं चित्र शोधायला भिंग घ्यावं लागलं. १७ ला दोन तास घातले, शेवटी कळलं, बाकावर ठेवलेलं अर्धं सोललेलं संत्रं. हे मला जन्मात दिसलं नसतं. चांगला फोटो आहे तो. माझ्या तीनशेत तसा एक नाही, आणि हे लिहिताना जिवावर येतंय थोडं.

अनघाला सांगितलं, दहा फोटो नाहीत, एक कागद आणतोय. "ओके बाबा," म्हणाली. आवाजात जरा दया होती. पोरगी आईवर गेलीय.

२१ नोव्हें., शुक्र. विमानतळ, गेटजवळ

सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "एनी फिल्म, सर?" सवयीने तोंड उघडलं होतं. धुतलेल्या निगेटिव्हला मशीनने काही होत नाही. पण बॅगेत एक कोरा रोलही आहे, शु.साठी. तोही जाऊ दिला मशीनमधून. आला धूसर तर आला. मागे एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. पाच मिनिटांत मी पार.

कागद गुंडाळून नळीत घातलाय. पस्तीस फ्रेमांखाली लिहिलंय. ३६ खाली आधी लिहिलं होतं: आरशात शुभदा. मग खोडलं. ते मला दिसतं ते. ती त्या वेळी कॅमेऱ्यातून काय बघत होती, मला माहीत नाही. पेन्सिल घेतलीय बरोबर.

केस चांगले दिसतात, हे पोचल्या पोचल्या सांगायचं. विसरायचं नाही.

माझं परतीचं विमान रविवारी दुपारी. बसल्या बसल्या फोनवर सीटचा नकाशा उघडून पाहिला. माझ्या शेजारची अजून रिकामी आहे.