रक्त आलं, घाण गेली

सोमवार, ३ जून

लेकीच्या दवाखान्यात बाकावर बसून आलो. ती दातांची डॉक्टर, मी दंतमंजनवाला — एका घरात दोन दुकानं! दार अर्धवट उघडं. आत खुर्चीवर कुणी शिंपी होता. लेक विचारते, "हिरड्यांतून रक्त कधीपासून येतं?" तो ऐटीत म्हणतो, "रोजच येतं की. चांगलंच ना? रक्त आलं, घाण गेली!"

काय बरं वाटलं! वाक्य माझं. चौकात हातगाडीवर मंजन विकताना तोंडाला आलं, ते आज प्रत्येक डबीवर छापलेलं आहे. आणि हा बाबा म्हणीसारखं बोलतो!

लेक मात्र हसली नाही.

बुधवार, ५ जून

सध्या येईल त्या पेशंटच्या हिरड्या तपासून मोजदाद चालली आहे तिची. कुणाला काय आजार, किती जणांना. जेवताना विचारलं.

"बहुतेकांच्या हिरड्या नुसत्या सुजलेल्या असतात, बाबा. वेळेत आले तर साफ बऱ्या होतात. पण चार-पाचांमागे एकाचं आतलं हाड झिजलेलं. ते गेलं की गेलं. आणि क्वचित एखादं तरणं पोर — त्याचं हाड बघता बघता जातं."

"आम्ही आपलं सगळ्याला पायरिया म्हणून मोकळे!"

"तेच तर ना!"

बायको म्हणाली, "घास तरी गिळू द्या की."

शनिवार, ८ जून

पुन्हा बाकावर. आज बसचा ड्रायव्हर. पुढचे दात हलतायत, हाड खलास. लेक म्हणाली, "इतके दिवस काय करत होतात?" "घाण जात होती की, डॉक्टर! मग कशाला येऊ?"

बाहेर मी घसा खाकरला. उगाच.

संध्याकाळी तिने विषय काढलाच. हाड गेलेल्यांतले निम्मेअधिक हेच सांगतात म्हणे. रक्ताला भ्यायचं सोडून खूश होतात. हे सगळं निबंधात लिहिणार, डॉक्टरांच्या सभेत वाचणार!

"लिही. फक्त ते वाक्य गाळ."

"मग उरलं काय? कारणच ते आहे."

"वाक्य ऐकलं की लोक डबी ओळखतात गं."

"तूच ओळखायला शिकवलंस ना! असं कर, तू डबीवरून काढ. मी निबंधातून काढते."

म्हणे डबीवरून काढ! डबीत आहे काय? खडू, मीठ, लवंग. खपतं ते वाक्य. ते काढलं तर खडू तर शाळेतही मिळतो!

मंजनाच्या डब्या विकून हिला डॉक्टर केली. खाल्ल्या घरचे वासे मोजते!

रविवार, ९ जून

सकाळी गोडीत समजावलं. ऐकेना. "बाबा, ड्रायव्हरला आता दात फुटणारेत का परत?"

ड्रायव्हर, ड्रायव्हर! बापाचं तोंड दिसत नाही हिला. मग मी हसत हसत एवढंच म्हणालो, "दवाखान्याची जागा माझ्या नावावर आहे, आठवतंय ना?"

मोठ्याने नाही बोललो. चहा ओतता ओतता बोललो. धंद्यात असंच बोलायचं असतं, समोरच्याला बरोबर ऐकू जातं.

तिलाही गेलं. कप तसाच ठेवून उठली.

बायको म्हणते, "आपलेच दात, आपलेच ओठ. जाऊ द्या ना." जाऊ द्यायला दात तिचे नाहीत, धंदा तिचा नाही.

गुरुवार, १३ जून

चार दिवस लेक घरी फिरकली नाही, फोनही नाही. दवाखान्यात गेलो तर कंपाउंडर म्हणाला, "मॅडम कामात आहेत." बाकावर एकही पेशंट नव्हता!

सोमवार, १७ जून

लेक दुकानात आली. बस म्हटलं, बसली नाही. निबंध पाठवून दिला म्हणाली. वाक्य गाळलं. लोक उशिरा का येतात, त्यापुढे लिहिलं — कारण कळले नाही. वर म्हणाली, "तुमचं नाव कुठेही येणार नाही."

तुमचं! बोबडं बोलायची तेव्हापासून ही पोरगी मला अरे-तुरे करत आली.