नाताळात न कापलेलं डुक्कर

अ‍ॅशमीड,
२८ सप्टेंबर १८६८

ती. टॅबिताताईस,
लवीचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. निवडणुकीपायी रोलंड दिवसभर घोड्यावर आणि मी तुमच्या बर्सकोटमध्ये दारोदार. काल पाववाल्या ग्रिमवेडकडे गेले. हातावर पैसे ठेवले तर कायदा आडवा येतो, म्हणून त्याचं लंगडं डुकराचं पिल्लू घेतलं, चांगल्या घोड्याच्या किमतीला! त्यानं टोपी काढून सांगितलं की त्याचं आणि त्याच्या दोन्ही भावांचं मत आपलंच. पिल्लू तुला पाठवलंय. नाताळात कापा.

जिंकलो की लंडनला घर घेणार. दिवाणखान्याला पिवळं रेशीम लावायचं ठरलंय. बायकांच्या जाळीआडच्या सज्जात बसून पार्लमेंट बघायची तुझी फार हौस ना? मी बघून कळवीन.

आणि तुझ्या डॉक्टरांना सांग, डुक्कर फुकट नाही हं, मत आम्हालाच!

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी लवी


बर्सकोट,
२८ डिसेंबर १८६८

चि. लविनियास,
अनेक आशीर्वाद.

रोलंडराव निवडून आले, आनंद आहे. उशिरा लिहितेय, हात वळत नव्हता. पक्षानं उमेदवारीसाठी आधी यांचं नाव सुचवलं होतं, हे तू विसरली नसशील. वीस वर्षं गावाच्या नाड्या तपासणारा डॉक्टर मागे पडला, जमीनदार पुढे गेला. यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

डुक्कर कापलं नाही. चांगलं माजलंय. मी त्याला खासदारसाहेब म्हणते: पडल्यापडल्या खातं आणि कामाच्या वेळी घोरतं. हे हसतात.

सज्जाचं चार पानी वर्णन पोचलं. पुन्हा लिहू नकोस.

तब्येतीला जपावे.
टॅबिता


लंडन,
३० जानेवारी १८६९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत आहे. लाच देऊन जिंकलो म्हणून निवडणूक रद्द करा, असा हरलेल्यांनी आमच्यावर अर्ज केलाय. न्यायाधीश तुमच्याच गावात येऊन सुनावणी घेणार. ग्रिमवेड शपथेवर सांगायला तयार आहे की त्याच्याकडे डुक्कर कधी नव्हतंच. पण शेजाऱ्यांनी ते तुझ्या अंगणात पाहिलंय. ताई, ते कापून टाक आणि माझं पत्र जाळ. रोलंडची जागा तुझ्या हातात आहे. आई गेल्यावर माझी वेणी तूच घालायचीस, ते आठव.

लोभाची कधी नव्हे एवढी गरज आहे.
लवी


बर्सकोट,
१२ फेब्रुवारी १८६९

चि. लविनियास,

निकाल तुला कळलाच असेल. कसा लागला ते माझ्याकडून ऐक.

मला साक्षीला बोलावलं. डुक्कर माहीत नाही म्हणाले असते तर निभावलं असतं. तुझं पत्र मी सोबत नेलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. पिवळ्या रेशमापर्यंत खणखणीत आवाजात वाचलं आणि घडी घातली. न्यायाधीशांनी शांतपणे सांगितलं की बाईंनी शेवटपर्यंत वाचावं.

वाचलं. त्यांनी विचारलं की डॉक्टर मतदार आहेत का, मत कोणाला दिलं. मतं सगळ्यांसमोर द्यायची आणि त्यांची यादीही छापलेली, लपवणार काय? मग विचारलं, डुक्कर कोणी ठेवून घेतलं.

रोलंडरावांची जागा गेली. यांचंही मत रद्द झालं. लाच घेतलेला मतदार म्हणून यांना आता मतही देता येणार नाही आणि उभंही राहता येणार नाही. पक्षाची माणसं मागच्या बाकावर बसली होती. निकाल लागताच रिकाम्या जागेसाठी यांनाच विचारायला आली होती ती. टोप्या घालून निघून गेली.

रात्री जेवताना यांनी एवढंच विचारलं, पत्राचा शेवट मी वाचला नव्हता का.

शंभरदा वाचलं होतं गं ते पत्र. दर वेळी तुझ्या दिवाणखान्यात शिरायचे आणि तिथेच थांबायचे.

आज सकाळी हे स्वतः डुकराला खायला घालून आले.

लोभ ठेव असं लिहायला तोंड नाही. उत्तर मात्र पाठव, शिव्यांचं असलं तरी. शेवटपर्यंत वाचीन.

टॅबिता