पावाशिवायचा बर्गर

बाबा,

मी बेकरीत चालले आहे. झोपून उठलात की भूक लागेल, म्हणून बर्गरची तयारी करून ठेवली आहे. खिम्याच्या टिक्क्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहेत. तवा चांगला तापू द्या, आणि उलथन्याने सारखं दाबत बसू नका, सगळा रस निघून जातो. वर चीज ठेवून झाकण घाला. ते वितळलं की कांदा-टोमॅटो घालून सरळ कोबीच्या पानात गुंडाळा. पानं धुऊन ओल्या फडक्यात ठेवली आहेत.

पाव शोधू नका. चहाच्या डब्यामागे दडवलेले दोन बन मी सकाळीच उचलले. जन्मभर लोकांना पाव खाऊ घातलेल्या माणसाला कोबीचं पान म्हणजे थट्टा वाटणार, हे मला कळतं. पण तुमची शुगर बघून डॉक्टरीणबाई माझ्यावरच डोळे वटारतात, जणू मीच भरवते!

आणखी एक. ‘बेकरीत पाऊल टाकायचं नाही’ हे मी त्या दिवशी, तुम्हाला बेकरीत चोरून बन खाताना पकडलं तेव्हा, रागाच्या भरात म्हणाले. तुम्ही लगेच मनावर घेऊन घरीच बसलात. तेव्हापासून माझे बन काही केल्या फुगत नाहीत. गिऱ्हाईकं तोंडावर बोलत नाहीत, नुसतं विचारतात, “बाबा कसे आहेत?”

खाऊन झालं की या, आणि पीठ बघून काय चुकतंय ते सांगा. पण हात लावायचा, तोंड नाही.

तुमची लेक, बेकरीची नवी मालकीणबाई