खुर्चीतून उठायचं नाही

सोमवार, ता. ४
नातीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली! शेजारणीला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तीच म्हणाली, "आजी, आता पाठ झालं मला." आनंद झालाय हे मला कळतं. आत मात्र काही हलत नाही – नुसतं लाकूड.
ती स्कूटर घेऊन निघाली की मी खिडकीजवळच्या खुर्चीत. ती परत येईपर्यंत उठायचं नाही. मी काळजी करते म्हणून ती नीट घरी येते. हे कुणाला बोलायची सोय नाही, हसतात.

बुधवार, ता. ६
घास उतरत नाही, छातीत धडधडतं, म्हणून सुनेने दवाखान्यात नेलं. तिथे मनाचं बघणारी एक बाई आहे. बाई कसली, पोरच ती, पण गोड बोलून सगळं काढून घेतलं. मग म्हणते, "आजी, तुम्ही खुर्चीत बसल्यावर तिकडे स्कूटरचा ब्रेक लागतो का?" गंमत वाटायला हवी होती. नाही वाटली.
हे कधीपासून, असं विचारलं तिने. पहिल्यापासूनच, म्हटलं. तर म्हणाली, एक दिवस उठून बघा, आणि काय होतं ते वहीत लिहा. चौथी शिकलेल्या बाईला या वयात अभ्यास!

शुक्रवार, ता. ८
नाही उठले.

सोमवार, ता. ११
उठले. नात यायच्या वेळेलाच शेजारणीकडे मटार सोलायला गेले. निम्मे दाणे सालांत टाकले. ती आपल्या गुडघ्यांचं सांगत होती, मग जावेचं, मी हं हं करत होते. कानात काही शिरलं नाही.
नात आली, धडधाकट. "आज खिडकी रिकामी कशी?" म्हणाली.
लिहायचं म्हणून लिहिते – काही झालं नाही. पण एक दिवस निभावलं म्हणून रोज निभावेल का? उद्यापासून परत खुर्ची.

गुरुवार, ता. १४
नात पडली. वळणावर वाळू होती, स्कूटर घसरली. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलं. बाकी ठीक आहे. झोपलीय आता.
मी सकाळपासून खुर्चीतच होते. पाणी प्यायलासुद्धा उठले नव्हते.
बत्तीस वर्षांपूर्वी हे कामावर शिडीवरून पडून गेले, त्या दुपारी मी घरी गाढ झोपले होते. आजवर कुणाला सांगितलं नाही.
मी जागी असते तरी हे पडलेच असते.